आपले विसरलेले गोलंदाज

‘गोलंदाज’ हा शब्द ऐकला की आज कोणत्याही मराठी घरात क्रिकेटचे मैदान डोळ्यांपुढे येते. धावत येऊन चेंडू टाकणारा तो गोलंदाज, हे इतके पक्के झाले आहे की या शब्दाचा मूळ धनी कोण, असा प्रश्न कुणाला पडत नाही. हा शब्द मुळात तोफ डागणाऱ्याचा. क्रिकेट आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी मराठी फौजांत गोलंदाज होते. २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात गोलंदाज पलटणीची एक कंपनी उभी राहिली आणि तीच पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतीय तोफखाना आजही २८ सप्टेंबर हा दिवस ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो. म्हणजे साऱ्या देशाच्या तोफखान्याचा वाढदिवस मुंबई इलाख्यातल्या एका घटनेवरून ठरला आहे. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शब्द क्रिकेटने नेला त्याबद्दल तक्रार नाही. माणसेही आपण त्या शब्दाबरोबर विसरलो, याबद्दल मात्र थोडे बोलले पाहिजे.

ही माणसे दूर कुठे नाहीत. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर वळतो आणि भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करीत संगमनेर-सिन्नरमार्गे नाशिकरोडला पोचतो. त्या टोकाला देवळालीचे तोफखाना विद्यालय आहे, जे फाळणीनंतर काकूलहून इकडे आले. नाशिकरोड कॅम्पला तोफखान्याचे केंद्र आहे, जिथे रंगरूट घडतात, आणि तिथेच तोफखान्याचे अभिलेख कार्यालयही आहे, जिथे प्रत्येक जवानाचा कागद जपला जातो. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला आपली पिंपरी-चिंचवड आणि चाकणची औद्योगिक वसाहत. साधा जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीतच बाहेर पडतो. गावी जिरायती दोन-तीन एकर, मुलांची शिक्षणे अर्धी राहिलेली, पेन्शन हाताशी असली तरी ओढाताण ठरलेली. मग तो सातारा, सांगली, नगर, बीड असा कुठला कुठला इथे येतो. राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे ‘मेस्को’मार्फत, नाहीतर एखाद्या ठेकेदारामार्फत एखाद्या कारखान्याच्या गेटवर उभा राहतो. ट्रकचे नंबर लिहितो, गेटपास तपासतो, सुटीच्या वेळी कामगारांच्या पिशव्या चाचपतो.

गावात त्याला ‘मेजर’ म्हणतात. आपल्या खेड्यांत हुद्दा गनरचा असो की हवालदाराचा, फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावात फौजी माणसाला आपली ओळख सांगावी लागत नाही. तोच माणूस चाकणला आला की ‘वॉचमनकाका’ होतो. वॉचमनचे काम हलके आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. कष्टाच्या कोणत्याच कामाला हलके म्हणू नये. पण ज्याने द्रासच्या थंडीत रात्र रात्र तोफ चालवली, त्याच्याबद्दल त्या गेटातून रोज आत-बाहेर करणाऱ्या हजार माणसांपैकी एकालाही काही ठाऊक नसावे, हे बरोबर वाटत नाही.

कुणी म्हणेल, सैनिक तो सैनिक, त्यात तोफखान्याचे वेगळे काय? वेगळे आहे, आणि ते त्या कामाच्या रीतीतच आहे. पायदळाचा जवान शत्रूला समोर पाहतो. टेकडी घेतली की तीवर झेंडा रोवतो, त्याचे छायाचित्र निघते. तोफ मात्र दहा-पंधरा किलोमीटर मागे, एखाद्या डोंगराच्या आडोशाला असते. पायदळाबरोबर पुढे गेलेला तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी लक्ष्य पाहतो आणि रेडिओवर कळवतो. कमांड पोस्टवर गणित मांडले जाते. तोफेवरची माणसे त्या आकड्यांप्रमाणे नळी फिरवतात, गोळा भरतात आणि डागतात. गोळा कुठे पडला, त्याने काय केले, हे डागणाऱ्याला दिसत नाही. रेडिओवर कुणी शाबासकी दिली तरच कळते. सारी लढाई न दिसणाऱ्या लक्ष्यावर आणि दुसऱ्याच्या भरवशावर लढायची, असे हे काम आहे.

आणि ते एकट्याचे कधीच नसते. तोफेवरचा प्रत्येक जण एकेक ठराविक काम करतो. त्यातले एक चुकले तर सगळेच चुकते. मग शौर्यपदक कुणाला द्यायचे? आजवर दिल्या गेलेल्या २१ परमवीरचक्रांत एकही तोफखान्याच्या वाट्याला आलेले नाही. यात कुणाचा पक्षपात आहे असे मी म्हणत नाही. पदक एका माणसाच्या एका कृत्याला मिळते आणि तोफखान्याचे काम अनेकांनी मिळून, दिवसेंदिवस करायचे असते, एवढाच त्याचा अर्थ.

कारगिलचे उदाहरण घ्या. १९९९च्या त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बाँब आणि रॉकेटे डागली. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोंहून अधिक वजनाचा. दहा हजार फुटांवर, जिथे नुसते चालताना धाप लागते, तिथे हे गोळे माणसांनी हातांनी उचलले आणि वाहिले. द्रासजवळचे पॉइंट ५१४० हे शिखर जिंकल्याची कथा कॅप्टन विक्रम बात्रांच्या नावासह शाळकरी मुलांनाही माहीत आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्या शिखरावर पायदळ चढण्याआधी ते भाजून काढणाऱ्या तोफांची आठवण म्हणून शिखराला ‘गन हिल’ हे नाव मिळाले ते २०२२ साली, म्हणजे २३ वर्षांनी. तोवर तिथल्या तोफांवरचे बहुतेक जवान निवृत्त होऊन कुठल्या ना कुठल्या गेटवर उभे होते.

या न दिसणाऱ्या कामाची एक खूण मात्र गोलंदाज आयुष्यभर बरोबर वागवतो. त्याला ऐकू कमी येते. माझी नोकरी भोसरीच्या कारखान्यांत झाली. प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षे काढलेला कामगार बोलताना एक कान पुढे करतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. तोफखान्यातल्या माणसाची तीच सवय पाहिली तेव्हा मला ती लगेच ओळखू आली. घरच्यांना वाटते, बाबा मुद्दाम ओरडून बोलतात. सुनेला वाटते, सासरे हाकेला ओ देत नाहीत. गेटवरच्या साहेबाला वाटते, हा उद्धट आहे. निम्म्याहून अधिक गैरसमज त्या कानांपायी असतात.

हा प्रश्न नुसत्या गैरसमजाचाही नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाबद्दल निवृत्तिवेतनात वेगळा हिस्सा मिळू शकतो. पण त्यासाठी ते अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, असे वैद्यकीय मंडळाने मानावे लागते, आणि त्याचे प्रमाण वीस टक्के तरी भरावे लागते. फौज सोडताना जी वैद्यकीय तपासणी होते तिथल्या नोंदीला यात मोठे वजन असते. आता त्या वेळी जवानाच्या मनात काय असते? सामान बांधलेले असते, गाडीचे तिकीट खिशात असते. ‘काही तक्रार?’ असे विचारले की तो छाती काढून ‘सब ठीक है साब’ म्हणतो. फौजेने त्याला तक्रार न करायलाच शिकवलेले असते. दहा वर्षांनी कान पुरते गेल्यावर तो कागद शोधू लागतो, तेव्हा त्याचेच ते उत्तर त्याच्या आड येते.

इथेच जुन्या सोबत्यांनी एकमेकांना धरून राहण्याचे मोल कळते. बाहेरून पाहणाऱ्याला निवृत्त फौजींची बैठक म्हणजे गप्पांचा फड वाटतो. निगडी-प्राधिकरणातल्या अशा काही बैठकांना मी श्रोता म्हणून बसलो आहे. गप्पा असतातच, कुठल्या बॅटरीचा स्वयंपाकी चांगला होता इथपासून कुठल्या खिंडीत गाडी दरीत जाता जाता वाचली इथपर्यंत. पण मध्येच एक जण पिशवीतून डिस्चार्ज बुक काढतो, दुसरा चष्मा लावून ते वाचतो. नाशिकरोडला कोणता अर्ज करायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणाला भेटायचे, २००३ साली सुरू झालेल्या ‘ईसीएचएस’ या आरोग्य योजनेत बायकोचे नाव कसे घालायचे, ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’चा फरक खात्यात आला की नाही, याची तिथे चोख चर्चा होते. एखादा सोबती वारला की त्याच्या पत्नीचे कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत हीच मंडळी खेटे घालतात. त्या बाईला नवऱ्याच्या रेजिमेंटचा नंबरसुद्धा नीट सांगता येत नसतो. यांना तो पाठ असतो.

पायदळाच्या पलटणीला निशाण असते. तोफखान्यात वेगळे निशाण नसते. तोफ हेच निशाण, तिलाच सलामी. निवृत्त गोलंदाजाला ते निशाण घरी आणता येत नाही. त्याच्याजवळ उरतात ती फक्त त्या तोफेवरची माणसे. म्हणून एका बैठकीसाठी माणूस रात्रपाळी संपवून, न झोपता, बस बदलत येतो. त्या बैठकीतल्या एका निवृत्त हवालदारांना मी विचारले, ‘तुम्हांला नेमके काय हवे?’ ते म्हणाले, ‘शाल-नारळ नको, साहेब. आम्ही तिथे होतो, एवढे कुठेतरी लिहून ठेवा.’

मान मागावा लागणे ही गोष्ट मोठमोठ्यांच्या वाट्यालाही आली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात, कलादान खोऱ्यात, डिसेंबर १९४४मध्ये तोफखान्याच्या हवालदार उमरावसिंग यांनी दारूगोळा संपल्यावर तोफेची लोखंडी कांब हाती घेऊन शत्रूशी झुंज दिली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. १९९५ साली युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वाढदिवशी ते लंडनला गेले तेव्हा यादीत नाव नाही म्हणून मान्यवरांच्या मंडपाच्या दारात त्यांना जवळजवळ परत फिरवले जात होते. एका अधिकाऱ्याने छातीवरचे पदक ओळखले म्हणून ते आत गेले. आत गेल्यावर त्यांनी पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडे पदकाबरोबरच्या तुटपुंज्या मानधनाचा विषय काढला. वर्षाला १६८ पौंडांवर थांबलेली ती रक्कम त्याच वर्षी १,३०० पौंड झाली. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही कथा, तर साध्या गनरची काय असेल?

आपल्या चाकणलाच एक धडा आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे, त्याच्या तोफांच्या माऱ्याखाली, फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा लहानसा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. तरीही महाराजांनी फिरंगोजींचा मान राखला आणि पुढे त्यांच्याकडे भूपाळगड सोपवला. किल्ला राहिला की गेला, एवढ्यावर महाराजांनी माणसाची किंमत केली नाही. त्याने काय केले ते समजून घेतले. संग्रामदुर्गाचे अवशेष आजही चाकणमध्ये उभे आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या कारखान्यांत आजचे फिरंगोजी गेट सांभाळत आहेत.

मग करायचे काय? सरकारने करायच्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि ती माजी सैनिकांच्या संघटना मांडतच असतात. मी आपल्या हातातल्या गोष्टींबद्दल बोलतो. ज्या घरात तोफखान्यातले वडील, आजोबा, काका आहेत, त्या घरातल्या मुलामुलींनी एका रविवारी वही घेऊन बसावे. रेजिमेंट कोणती, बॅटरी कोणती, तोफ कोणती, कोणत्या साली कुठे होतात, शेजारी कोण होते, हे विचारून लिहून काढावे. १९७१मध्ये लढलेला सर्वांत तरुण जवानही आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६५चे तर ऐंशीच्या घरात आणि त्यापुढे आहेत. त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे पाहून, सावकाश बोलावे. कानांची तपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद जपून ठेवावा.

कारखान्यांनाही एक सांगणे आहे. आपला हा सगळा टापू आता तोफांचाच झाला आहे. पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत तोफांचे आराखडे होतात, तळेगावला पिनाका रॉकेटांचे प्रक्षेपक बनतात, आणि मार्च २०२५मध्ये ३०७ नव्या स्वदेशी तोफांचा जो करार झाला त्यात पुण्याच्या भारत फोर्जचा मोठा वाटा आहे. तोफ बनवणाऱ्यांनी वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरला, तोफ चालवलेल्यांना बोलवावे. भाषणे नकोत. नवी तोफ दाखवावी आणि तिच्याबद्दल त्यांना काय वाटते ते विचारावे. कामाचे चार शब्द नक्की ऐकायला मिळतील. ज्यांच्या गेटवर माजी सैनिक आहेत त्यांनी ठेकेदार त्यांना पुरा पगार आणि साप्ताहिक सुटी देतो की नाही, हे स्वतः पाहावे. आणि महापालिकेने शहरातल्या माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आपल्या ग्रंथालयात ठेवाव्यात. एखाद्या चौकात जुनी तोफ रंगवून उभी करण्याहून हे स्वस्तही आहे.

कुणी विचारील, कारखान्यात बोटे गमावलेल्या, कान गमावलेल्या कामगारांचे काय? त्यांचेही असेच लिहून ठेवले पाहिजे. एकाचा मान दुसऱ्याच्या वाट्यातून काढायचा नसतो. उलट या गावाला गोलंदाजाचे दुःख लवकर कळावे, कारण पडद्यामागे राहून राबणे म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडइतके कुणाला माहीत आहे? उद्या सकाळी पहिल्या पाळीला जाताना गेटवरच्या काकांच्या मिशा, ताठ पाठ आणि पुढे केलेला कान दिसला, तर क्षणभर थांबून विचारा, ‘काका, रेजिमेंट कोणती?’ थोडे मोठ्याने विचारा.