होडीचा डाग धुवावा, दोष झाकू नये

मिरकरवाडा असो की हर्णै, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर चढल्या की फायबरचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंच्या हाताला काम मिळते. चंद्रूस आणि माशाचे तेल लावणाऱ्या जुन्या हातांच्या जोडीला रेझिन, मॅट व जेलकोट ओळखणारी नवी पोरे तयार झाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु डाग काढण्याचे काम आज ज्या घाईने उरकले जाते, त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे.

होडीवाला येतो आणि म्हणतो, "पांढरी शुभ्र करून दे." कारागीर बाटलीतले तीव्र ॲसिड ओततो किंवा सरळ पॉलिश पेपर घासू लागतो. होडी चमकते, पैसे मिळतात. पण जेलकोटचा थर सर्वसाधारणपणे अर्धा मिलिमीटरच असतो. दर हंगामात तो घासला तर किती वर्षे पुरेल? थर झिजला की आतले काचतंतू पाणी पितात, आणि मग धुलाईचे नव्हे, दुरुस्तीचे बिल येते.

म्हणून आधी डाग ओळखावा. पाण्याच्या रेषेवर मिशीसारखा उमटणारा पिवळट-तपकिरी पट्टा बहुधा खाडीच्या पाण्याचा असतो. तिवरांची पाने व साली कुजून पाण्यात टॅनिन उतरते आणि तेच जेलकोटला रंगवते. बोल्टखालून ओघळलेली तांबूस रेघ गंजाची. या दोन्हींवर ऑक्झॅलिक ॲसिड उत्तम चालते. ते गंजातल्या लोखंडाशी मिळून पाण्यात विरघळणारा पदार्थ बनवते, त्यामुळे घासावे लागत नाही. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला दोन-तीन मोठे चमचे पुरेत. सावलीत लावावे, दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवावे, वाळू देऊ नये, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. (आपल्या घरी तांब्याच्या भांड्याला चिंच लावतात, ती याच जातीची युक्ती, फक्त सौम्य.) डिझेलच्या काजळीला मात्र हे लागू नाही, तिथे साबणच हवा.

हे ॲसिड विषारी आहे. पांढरे खडे साखरेसारखे दिसतात, पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शरबताच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे, ती आजच सोडावी. हातमोजे व चष्मा घालूनच काम करावे. शेवाळासाठी ब्लीचिंग वापरत असाल तर ते कोणत्याही ॲसिडबरोबर कदापि मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो.

डाग पुन्हा धरू नये म्हणून मेणाचा हात हवा. उन्हाने जेलकोट खडूसारखा भुरभुरीत होतो आणि त्या बारीक छिद्रांत मळ बसतो. बोट फिरवून पाहावे, पांढरी भुकटी आली तर मेण संपले आहे. मात्र पृष्ठभाग कोरडा नसेल तर मेण धरत नाही. म्हणून हे काम ताडपत्रीखाली, उघडीप पाहूनच करावे.

आता मुख्य मुद्दा. जुनी होडी विकायला काढली की मालक कारागिराला सांगतो, "जरा चकाचक कर, गिऱ्हाईक येणार आहे." धुऊन देण्यात काहीच गैर नाही. पण गंजाची रेघ एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा ओघळत असेल, तर तिथे पाणी शिरते आहे आणि आतला बोल्ट सडतो आहे. तळाला बारीक फोड दिसत असतील, ते फोडल्यावर आंबट वासाचे पाणी येत असेल, तर पाणी थरात मुरले आहे. अशा जागी पुट्टी भरून वर रंग मारणे म्हणजे धुलाई नव्हे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे आणि भिजलेला माल गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे विक्रेत्याला विचारणारे प्रेषित मुहम्मद (स.) आपल्याला माहीत आहेत. त्या ढिगात आणि या तळात फरक काय? उलट इथे चूक महाग पडते. धान्य फेकून देता येते, पण होडीत माणसे बसून समुद्रात जातात.

कारागीर म्हणेल, "मी मजूर, विकणारा तो." खरे आहे. पण पुट्टी भरणारा हात त्याचाच असतो. मालकाला तेवढे ऐकवण्याची हिंमत त्याने ठेवली पाहिजे. काम गेले तरी चालेल. बोल्ट बदलायचे असतील तर ३१६ जातीचे स्टेनलेस सुचवावेत. ते ३०४ पेक्षा महाग, पण खाऱ्या पाण्यात अधिक टिकतात. आणि बिलावर दोन ओळी लिहाव्यात: कोणते डाग काढले आणि कोणत्या जागी दोष आढळला. त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.