पस्तीस गुणांचा उंबरठा

दहावीचा निकाल हा आपल्याकडे निकाल राहिलेला नाही. तो निवाडा झाला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एका दिवशी एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्यावरून घर, भावकी आणि गाव त्याची पुढली चाळीस वर्षे ठरवून मोकळे होतात. बाजारकुणंगसारख्या रानातल्या गावी हा निवाडा अधिकच कठोर ठरतो. घरात मराठी वा कोंकणी, शाळेत कन्नड आणि पुढे विज्ञान घेतल्यास इंग्रजी, अशा तीन भाषांच्या घाट्या चढणाऱ्या मुलाचा पाय एकदा घसरला, की त्याला हात देण्याऐवजी आपण गोव्याच्या मजुरीची वाट दाखवतो.

ही समजूत कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. १८६२ पासून १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मुलगा मास्तर होई, मॅट्रिक झालेला कचेरीत लागे. एक परीक्षा दिली की पोटाची सोय होत असे, म्हणून आपल्या वाडवडिलांनी परीक्षेला देवघरात बसवले आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. तो काळ केव्हाच सरला; देवघर मात्र आपण तसेच ठेवले आहे.

ज्या उंबरठ्यापुढे आपण इतके लोटांगण घालतो, तो तरी एका जागी स्थिर आहे काय? २०२१ साली महामारीमुळे एसएसएलसीची परीक्षा दोन दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांवर उरकली गेली आणि जवळजवळ सारेच उत्तीर्ण झाले. २०२४ साली परीक्षा कॅमेऱ्यांच्या नजरेखाली झाली, निकाल कोसळला. तेव्हा मंडळाने वाढीव गुणांची मर्यादा दहावरून वीस टक्के केली आणि ही सवलत मिळण्यासाठी लागणारी पात्रता पस्तीसवरून पंचवीस टक्क्यांवर आणली. तरीही निकाल ७३.४० टक्केच लागला. आदल्या वर्षी तो ८३.८९ होता. पुढल्या वर्षी ही खास सवलत गेली आणि पहिल्या परीक्षेचा निकाल ६६.१४ टक्क्यांवर आला. आता २०२५-२६ पासून उत्तीर्णतेची अट ६२५ पैकी २०६ गुण, म्हणजे तेहतीस टक्के, आणि प्रत्येक विषयात किमान तीस अशी करण्यात आली आहे. एका वर्षी ‘नापास’ ठरलेला मुलगा दुसऱ्या वर्षी त्याच गुणांवर ‘पास’ झाला असता. जी रेघ सरकारी आदेशाने मागे-पुढे होते, तिच्यावरून माणसाची किंमत करणे हा शुद्ध अविवेक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गुणांना काहीच अर्थ नाही काय? असे म्हणणे ही सधनांची चैन आहे. दहावीचे गुण कोठे मोजले जातात, हे नेमके ठाऊक असले पाहिजे. टपाल खात्यातील ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्याच गुणांवर होते, आणि स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. पॉलिटेक्निक आणि आयटीआयचे प्रवेशही याच गुणांवर ठरतात. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही कामांना तर आठवीही पुरते. उलट, अभियांत्रिकीच्या प्रवेशाला दहावीचे गुण कोणी विचारीत नाही. तेथे दुसऱ्या पीयूसीचे आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. शिवाय पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांसाठी पंधरा टक्के जागा राखीव असतात. आठवीतच मुलाला शहरात धाडणारे हौशी पालक हा हक्क आपल्या हाताने घालवतात, आणि खेड्यातच शिकलेले मूल दहावीत अडकून तेथवर पोहोचतच नाही!

आता आपल्या गुणगौरव समारंभांकडे वळू. दरवर्षी शाल, श्रीफळ आणि पहिल्या तिघांची छायाचित्रे. ज्यांना रस्ता सापडला आहे त्यांनाच आपण दिवटी दाखवतो. जे अंधारात आहेत त्यांच्या दारावरून मिरवणूक निघून जाते. अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येते आणि चांगले गुण ग्राह्य धरले जातात, हे किती घरांना ठाऊक आहे? मुक्त विद्यालयाची वाट किती जणांनी ऐकली आहे? मुलीच्या बाबतीत तर एका विषयातले अपयश हे स्थळ पाहण्याचे निमित्त होते, आणि त्याला आपण ‘नशीब’ म्हणतो. ते नशीब कसले? तो आपला आळस आहे.

म्हणून ज्या घराण्यांनी या रानात पिढ्यान्‌पिढ्या मराठीचा दिवा तेवत ठेवला, त्यांना माझे मागणे एवढेच आहे. निकालाच्या आठवड्यात हार घेऊन निघण्याआधी अनुत्तीर्णांची यादी घ्या. प्रत्येक घरी जा, पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून द्या, गणिताला आणि इंग्रजीला महिनाभर शिकवील असा माणूस शोधा. जमल्यास परीक्षाशुल्क शालीच्या खर्चातून द्या. श्रीफळ नंतरही फोडता येईल. अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.