पेडॉटचं 'गवत': प्लास्टिक तेच, आकार नवा

'प्लास्टिकची बॅटरी' असा मथळा दिसला तर जरा थांबा. ही बॅटरी नाही, सुपरकपॅसिटर आहे.

पेडॉट हे वीजवाहक प्लास्टिक तसं जुनंच. फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून त्याचा थर देत. पण सपाट थरात एक अडचण असते. विद्रावातले आयन जिथवर पोहोचतात तिथवरच चार्ज साठतो, आतला माल जवळजवळ फुकट जातो.

2024 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या रिचर्ड केनर आणि माहेर एल-कॅडी यांच्या टीमने तेच पेडॉट उभ्या, दाट नॅनोतंतूंच्या रूपात वाढवलं, थेट लॉनवरच्या गवतासारखं. ग्राफाइटच्या पत्र्यावर ग्राफीन ऑक्साइड आणि फेरिक क्लोराइड असलेला द्रवाचा थेंब टाकला आणि पेडॉट ज्यापासून बनतं त्या रेणूंची वाफ त्यावर सोडली. पृष्ठभाग चौपट झाला. साठवणक्षमता दर चौरस सेंटिमीटरला 4600 मिलिफॅरड, म्हणजे नेहमीच्या पेडॉटच्या जवळपास दहापट. शिवाय 70,000 हून जास्त चार्जिंग चक्रं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आयन आतबाहेर करताना असं प्लास्टिक फुगतं, आकसतं आणि शेवटी तडकतं.

आता खोच. हा आकडा क्षेत्रफळामागे आहे. गवत उंच वाढवलं की तो आपोआप वाढतो, वजनामागची साठवण मात्र तेवढी वाढेलच असं नाही. आणि वजनामागे ऊर्जा साठवण्यात लिथियम-आयन आजही सुपरकपॅसिटरच्या खूप पुढे आहे. त्यामुळे मोबाइलची बॅटरी एवढ्यात बदलणार नाही. ब्रेक लावताना सुटणारी ऊर्जा काही सेकंदांत पकडून परत द्यायची असेल, तिथे मात्र हे गवत कामाचं.