नाव आपले, जाहिरात कोणाची?

“अकलूजचे नाव साऱ्या जगाला कळले ते एका चित्रपटामुळे आणि मोबाइलमुळे. मग या नव्या माध्यमांवर तुमचा एवढा रोष का?” असे आमच्या धर्मग्रामातील तरुण आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर अकलूजपासूनच द्यावे, हे बरे.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील नायिका अकलूजची शाळकरी मुलगी. तिचे मूळ नाव प्रेरणा, सर्वांना ठाऊक असलेले नाव रिंकू राजगुरू, आणि लोकांनी बहाल केलेले नाव आर्ची. चित्रपट लोकांपुढे येण्याच्या महिनाभर आधीच राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी तिच्या अभिनयाची विशेष दखल घेतली होती. तो मान तिच्या कामाचा होता. नंतर जे घडले, ते मात्र निराळे. चित्रपटानंतर तिने शाळा सोडली आणि २०१७ साली बाहेरून दहावीची परीक्षा दिली, तर तिचे गुणही बातमीचा विषय झाले! लाखो मुले परीक्षा देतात. त्यांचे गुण त्यांच्या आईवडिलांपुरते असतात. या मुलीला तेवढाही आडोसा उरला नाही. लोकांना प्रेरणा नको होती, आर्ची हवी होती.

आणि त्या चित्रपटातून आपण काय उचलले? त्याच्या अखेरीस जातीच्या अभिमानापायी दोन तरुण जीव कापले जातात आणि त्यांचे तान्हे लेकरू मागे उरते. हे कोणी एकमेकांस पाठवले नाही. पाठवले ते ‘झिंगाट’. वराती त्यावर नाचल्या. आणि त्याच वरातींतील कित्येक घरांनी सोयरीक जुळवताना आधी जातच विचारली. जे सहज पसरते ते खरेच असते असे नाही. पुष्कळदा ते फक्त हलके असते.

या पसरण्याचा धंदा कसा होतो, तेही पाहावे. पुण्याच्या बिशप्स शाळेत काही काळ शिकलेले सबीर भाटिया यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९६ साली अमेरिकेत ‘हॉटमेल’ ही फुकट टपालसेवा काढली. तिच्यावरून धाडलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी कंपनीच्या आमंत्रणाची एक ओळ आपोआप जाई. सुमारे दीड वर्षात एक कोटीहून अधिक लोक तिचे सभासद झाले. या युक्तीला पुढे ‘व्हायरल’ विक्री, म्हणजे विषाणूसारखी पसरणारी विक्री, हे नाव रूढ झाले. तिचे मर्म एवढेच की पत्र मित्राचे, विश्वास मित्राचा आणि नफा तिसऱ्याचा. पत्र लिहिणारा नकळत बिनपगारी विक्रेता बनला.

आज आपल्या घरांत याहून वेगळे काय चालले आहे? नाताळच्या शुभेच्छा येतात, त्यांच्या तळाशी मिठाईच्या दुकानाचे नाव असते. लेकराच्या स्नानसंस्काराचे छायाचित्र पुढाऱ्याच्या चौकटीत बसवून पाठवले जाते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेली मुलगी वेदीपासून परतते आणि तिला पहिला प्रश्न ऐकू येतो, “किती लाइक्स आले?” स्नानसंस्काराच्या वेळी आपण तिचे नाव एकदाच उच्चारले होते आणि त्यासाठी कोणाचीही पसंती मागितली नव्हती.

“फुकट प्रसिद्धी मिळते, त्यात तोटा काय?” असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, की जे फुकट आहे त्याची किंमत कोण मोजतो? ती आपली मुले मोजतात. दहा जणांनी पाठ फिरवली की त्यांना आपण कोणीच नाही असे वाटू लागते. दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात हाच इशारा दिला होता: जाळ्यात असणे म्हणजे समाजात असणे नव्हे.

आम्ही मोबाइल फेकून द्या असे सांगत नाही. आम्हीही तो वापरतो. आमचे मागणे लहान आहे. येत्या नाताळला दुकानाच्या वा पुढाऱ्याच्या नावाची एकही शुभेच्छा पुढे ढकलू नका. दोनच ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा, आणि खाली केवळ आपले नाव घाला. आणि मुलांच्या देखत लाइक्स मोजू नका.