आधी झाकण उघडा, मग पैसे मोजा

मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, घरात एकच जुना लॅपटॉप आहे आणि तो सुरू होईपर्यंत चहा निवून जातो, अशी घरे आपल्या वस्तीत थोडी नाहीत. 2023 साली आमच्याही घरी हेच चालले होते. लॅपटॉप कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे 2012 च्या सुमाराचे यंत्र. मेमरी, म्हणजे रॅम, 4 जीबी. मुलीने एक्सेल उघडून शेजारी क्रोम उघडले की पडदा जागच्या जागी थिजायचा.

"पप्पा, प्रोजेक्ट पंधरा दिवसांत द्यायचाय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "मशीन संपलं, नवीन घ्या." मुलीच्या आईने बचत गटातून कर्जाचा फॉर्म आणून ठेवला.

फॉर्म भरण्याआधी आम्ही एक गोष्ट समजून घ्यायचे ठरवले. यंत्र म्हातारे झाले आहे, की त्याला जागा अपुरी पडते आहे?

बंधू-भगिनींनो, रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की एक भांडे फडताळात ठेवावे, तेव्हा दुसरे बाहेर काढता येते. संगणकाचेही तसेच. रॅम भरली की तो चालू कामातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. हार्ड डिस्क रॅमपेक्षा कितीतरी सावकाश. या ने-आणीतच सारा वेळ जातो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी बघा. आमच्याकडे रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली. खाली लिहिले होते, दोन स्लॉटपैकी एकच वापरात. म्हणजे एक जागा रिकामीच होती!

आनंदाच्या भरात आम्ही बाजारात गेलो आणि 4 जीबीची पट्टी घेऊन आलो. ती बसेना. आम्ही घेतली डीडीआर-फोर, आणि यंत्र होते डीडीआर-थ्रीचे. लॅपटॉपच्या डीडीआर-थ्री पट्टीला 204 पिना असतात, डीडीआर-फोरला 260. मधली खाचही वेगळ्या जागी असते. दुकानदाराने पट्टी परत घेतली, पण पैसे कापून. चूक आमचीच. जुनी पट्टी काढून सोबत नेली असती तर हे घडले नसते. आणखी एक लक्षात ठेवा. 'थ्री-एल' लिहिलेली पट्टी 1.35 व्होल्टवर चालते आणि 1.5 व्होल्टच्या यंत्रातही चालते. उलट मात्र नेहमी चालतेच असे नाही.

पट्टी बसवणे अवघड नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा. हात एखाद्या लोखंडी वस्तूला लावून घ्या, म्हणजे अंगातली वीज उतरते. पट्टी कडेने धरा, तिरकी सरकवा आणि खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज आला पाहिजे.

आम्ही सुरू केले तर रॅम 8 जीबी दिसली, पण वापरता येण्याजोगी साडेतीनच्याही आत! मुलीचा चेहरा पडला. कारण असे, की त्यात विंडोज 10 चा 32-बिट प्रकार टाकलेला होता, आणि तो 4 जीबीच्या पुढची रॅम वापरू शकत नाही. 64-बिट टाकायचे तर आधीचे सारे पुसून नव्याने टाकावे लागते. परवाना तोच चालतो. मुलीच्या आईने बजावले, "आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या." तसे केले, मगच पुढचे काम केले.

यंत्र नवे झाले नाही. सुरू व्हायला अजूनही वेळ घ्यायचे, कारण हार्ड डिस्क जुनीच होती. पण एक्सेल आणि क्रोम एकत्र चालू लागले, प्रोजेक्ट वेळेत गेला आणि कर्जाचा फॉर्म कोराच परत गेला.

सगळ्याच यंत्रांना हा उपाय लागू पडत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ मॅकबुक एअरमध्ये, रॅम बोर्डालाच कायमची जोडलेली असते. ती वाढवता येत नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि इतक्या जुन्या यंत्रांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आहे. म्हणून जुन्या यंत्रात किती पैसे घालायचे याचाही हिशोब करा.

पण 'संपलं' असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढे जरूर विचारा, "झाकण उघडून पाहिलंत का?"