खाऊचे पैसे

भिवंडीतील शांतीनगर, गैबीनगर किंवा कामतघर अशा कोणत्याही वस्तीत सायंकाळी फेरफटका मारला, तर किराणा दुकानाच्या दर्शनी भागावर डाळ-तांदूळ दिसत नाहीत. दिसतात त्या रंगीत पाकिटांच्या माळा. वेफर्स, नळ्या, क्रीमची बिस्किटे, आंब्याच्या नावाने विकले जाणारे गोड पेय. आणि यांतील बहुतेक वस्तूंची किंमत पाच किंवा दहा रुपये. डाळीचे पोते आत, अंधारात. माळा मात्र सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचेल अशा बेताने टांगलेल्या असतात. या दुकानांमुळे आमच्या मुलांची वजने बिघडतात का, असे पालक वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात मावणारे नाही.

वस्तीतील दुकाने आणि मुलांचे वजन यांचा पुष्कळ अभ्यास अमेरिकेत झाला आहे, म्हणून आधी तिकडे पाहू. फिलाडेल्फिया शहरात चौथी ते सहावीची मुले शाळेजवळच्या कोपऱ्यावरच्या दुकानांतून काय घेतात, याची नोंद संशोधकांनी केली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका खरेदीत मूल सरासरी एक डॉलरच्या आसपास खर्च करी आणि त्यात सुमारे ३५० किलोकॅलरी पदरात पाडून घेई. खरेदीत वेफर्स, गोळ्या-चॉकलेटे आणि गोड पेये यांचाच भरणा होता. आता याची दुसरी बाजू. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांचा माग घेणारा हेलन ली यांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. घराजवळ कोणती व किती दुकाने आहेत, एवढ्यावरून मुलांच्या वाढत्या वजनाचा उलगडा होत नाही, असे त्यात आढळले. फिलाडेल्फियातच पुढे दुकानदारांना फळे, पाणी, कमी तेलाचे पदार्थ ठेवायला लावण्याचा मोठा प्रयोग झाला. तरी मुलांच्या खरेदीतील उष्मांकांत म्हणावी तशी घट झाली नाही.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुकान जवळ असणे हा रोग नव्हे. मुलाच्या हातात नाणे कोणत्या वेळी पडते आणि त्या वेळी त्याला भूक किती लागलेली असते, यावर पुढचे बरेच ठरते.

भिवंडीत ही वेळ यंत्रमाग ठरवतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या हे इथल्या कामाचे जुने वळण आहे. एकट्या कामगारांच्या जेवणाची सोय भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, होते. कुटुंब घेऊन राहणाऱ्याचे घर मात्र बहुधा एका खोलीचे. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला, आई घरकामात किंवा घरी आणलेल्या मजुरीच्या कामात गुंतलेली, आणि शाळेतून आलेले मूल भुकेले. सकाळची पोळी-भाजी संपलेली असते, रात्रीच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. अशा वेळी हातावर ठेवलेले दहा रुपये दोन कामे करतात: मूल गप्प बसते आणि बापाची झोप मोडत नाही. या आईला ‘बेफिकीर’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाने त्या खोलीत एक दुपार काढून पाहावी.

साडेपाचला पाकीट संपते. तेल, मीठ आणि मैदा किंवा बटाटा यांनी पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून आठ वाजता ताटातली भाकरी व डाळ तशीच राहते. ‘आमचे मूल जेवतच नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते. न जेवलेले मूल उपाशी राहू नये म्हणून त्याच्या हातात पुन्हा काहीतरी पाकीटबंद दिले जाते, आणि महिन्याभरात जेवण हेच वरखाण्यासारखे होऊन बसते.

आपल्या भाषेत ‘खाऊ’ हा फार गोड शब्द आहे. पूर्वी खाऊ कोणीतरी आणीत असे. मामा, आत्या, बाजाराहून आलेले आजोबा पिशवीतून चुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू काढीत आणि तो सर्व भावंडांत वाटला जाई. आता मूल स्वतःच खाऊ विकत आणते, एकट्यासाठी आणते आणि दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेतच संपवते. गोड वस्तू पूर्वीही होत्या, लिमलेटच्या गोळ्या काही पौष्टिक नव्हत्या. पण आणणारा मोठा माणूस असल्याने प्रमाण आपोआप राहत असे.

‘आमचे मूल तर काटकुळे आहे, त्याला कसली स्थूलता?’ असे म्हणून पुष्कळ पालक हा विषय सोडून देतात. हे धोक्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. त्याच वयोगटात उंचीच्या मानाने वजन अधिक असलेली मुले ४.१ टक्के होती. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ती १.९ टक्के होती. खुजेपणा आणि लठ्ठपणा हे एकाच गल्लीतले, कधीकधी एकाच घरातले शेजारी आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील बालकांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव कितीतरी लहान भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक असलेल्या मुलाच्या शरीरातही चरबीचा वाटा अधिक असू शकतो. अशा शरीराला प्रथिने हवीत आणि आपण त्याला मैदा, साखर देतो.

साखरेचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सुमारे १३६० किलोकॅलरी मानली आहे. वरून घातलेल्या साखरेतून त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी ऊर्जा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साधारण ३४ ग्रॅमच्या आत. गोड पेयांत १०० मिलिलिटरमागे १० ते १५ ग्रॅम साखर सामान्यतः असते. दीडशे मिलिलिटरच्या एका डब्यात दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा संपतो, आणि चहा-बिस्किटे अजून व्हायचीच असतात.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळकरी मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. नियम चांगला आहे. पण भिवंडीसारख्या दाट शहरात शाळा, कारखाना, घर आणि दुकान एकमेकांना खेटून उभे असतात. पन्नास मीटरच्या आत पाकीट न मिळालेल्या मुलाला ते एक्कावन्नाव्या मीटरवर, म्हणजे पुष्कळदा घराच्या दारातच, मिळते.

पालकांनी दर सहा महिन्यांनी मुलाची उंची व वजन दोन्ही मोजून घ्यावीत आणि बालरोगतज्ज्ञांकडून ती भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडून घ्यावीत. हा तक्ता ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नुसत्या वजनाच्या आकड्याने पुष्कळदा फसगत होते. पाच वाजताच्या भुकेसाठी सकाळीच एक जास्तीची पोळी-भाजी किंवा उकडलेले अंडे बाजूला ठेवणे शक्य असेल, तर दुकानाची फेरी बरीच टळते.

जिथे ते शक्य नाही, तिथे दुकानदारालाच हाताशी धरावे. अमेरिकेतल्या दुकानदाराला मुलाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. आपल्या नाक्यावरचा किराणावाला मुलाला नावाने हाक मारतो आणि त्याच्या वहीत घराचे उधारीचे खाते असते. मुलाच्या हाती सुटे पैसे देण्याऐवजी आईने जाऊन त्याला इतकेच सांगावे: ‘भाऊ, पोरगा आला की त्याला फुटाणे, शेंगदाणे, केळे किंवा दूध द्या आणि आमच्या खात्यावर मांडा, पाकीट फक्त रविवारी.’ शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि दहा रुपयांतही मुठीभर फुटाणे येतात. मुले पहिले चार दिवस रुसतील. दुकानदारही कुरकुरेल, कारण माळांवरची विक्री त्याला सोपी वाटते. पण महिन्याचा किराणा त्याच्याकडूनच नेणाऱ्या घराचा शब्द तो सहसा मोडणार नाही. एकाच चाळीतल्या चार-पाच घरांनी हे मिळून सांगितले, तर फुटाण्यांची बरणी आतून उचलून फळीवर पुढे ठेवायला त्याला फार वेळ लागणार नाही.