सामानाजवळ कोण बसणार?

मैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावर जाऊन पाहा. समोर पाण्यात जंजिरा, खाली शिडाच्या होड्या, वर तिकिटाची रांग. आणि कडेला सावली धरून बसलेल्या बायका. मांडीवर कुणाचं तरी मूल, भोवती पिशव्या, बाटल्या, नवऱ्याचं जर्किन, भाच्याची टोपी. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मंडळी गेलीत किल्ल्यावर. सामानाजवळ कुणीतरी बसायला हवं ना!" म्हणजे पहाटे तीनला उठून पुऱ्या लाटायच्या हिनं आणि किल्ला पाहायचा बाकीच्यांनी!

मला विचाराल तर सामान हे निमित्त आहे. खरं कारण भीती. एक पाण्याची आणि दुसरी, चारचौघांत पाय घसरून फजिती होण्याची. ही दुसरी जास्त मोठी असते, हे तुम्हीही कबूल कराल. त्यात १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात झाला, माणसं गेली, आणि तेव्हापासून घरोघरी "बोटबिट काही नको" असं ऐकू येतं. त्या भीतीला मी हसणार नाही. पण भीतीवर धक्क्यावर बसून राहणं हा एकच उपाय नाही. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, अंगावर चढवून पट्टे आवळायचे, मुलांचे आपण स्वतः तपासायचे. होडी वाजवीपेक्षा भरलेली दिसली तर सरळ पुढच्या होडीसाठी थांबायचं. मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

आमच्या जुईनगरहून ही सहल एका दिवसात होते. पहाटे पाचला निघायचं. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड आणि पुढे राजपुरी. वाटेतला चहा धरून चार-साडेचार तास मोजा. गाडी नसेल तर हार्बरनं पनवेल आणि तिथून अलिबागमार्गे एस.टी.; पण मग मुरूडला मुक्काम करावा हे बरं. पावसाळ्यात होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

आता दिवस कोणता निवडायचा? इथे माझ्यातली अर्धवेळ मास्तरीण जागी होते. शाळेत आपण सगळ्यांनीच खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री उलट, तो मतलई. मुलं हे परीक्षेत लिहितात आणि विसरतात. राजपुरीला ते डोळ्यांनी दिसतं. सकाळी पाणी बरंच शांत असतं. दुपार कलली की खारा वारा जोर धरतो, लाटा वाढतात आणि किल्ल्याच्या पायरीला होडी लावणं अवघड होतं. म्हणून पहिल्या होड्यांतून जा.

दुसरी गोष्ट भरतीची. कोकणात जुनी माणसं एक हिशेब सांगतात, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथी काय, आपल्या स्वैपाकघरातल्या दिनदर्शिकेवर असतेच, संकष्टीसाठी आपण ती पाहतोच! पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. घाबरणाऱ्या माणसानं हे दिवस धरावेत.

होडीत चढताना घाई नको. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याच्या बोटांना लोंबकळू नका, मनगटाला मनगट धरा. काचेच्या बांगड्या त्या दिवशी घरी ठेवा, त्या फुटून दोघांच्याही हाताला लागतात. सहावारी असेल तर पदर घट्ट खोचून निऱ्या चार बोटं वर. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी बांधून. चपला रबरी तळाच्या आणि मागे पट्टा असलेल्या. किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. बसायला होडीचा मधला भाग सर्वांत कमी हलतो. शीड फिरवताना तांडेल ओरडतो, तेव्हा डोकी खाली. आणि होडी एका अंगाला कलली की उठून दुसरीकडे पळू नका. शिडात वारा भरला की ती कलणारच. एकदम सगळे एका बाजूला गेले तर मात्र धोका.

मागच्या डिसेंबरात आम्ही सासूबाईंना नेलं. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. धक्क्यावर पोचताच त्यांनी नेहमीप्रमाणे पिशव्या स्वतःभोवती ओढून घेतल्या. आमचे हे म्हणाले, "आई, तू बस निवांत." मी काही बोलायच्या आत तांडेलच म्हणाला, "आजी, मधल्या फळीवर बसा, काय होत नाय." आणि आजी बसल्या की! इंजिनाची धडधड नाही, फक्त शिडाची फडफड आणि लाकडाची करकर. मधे कुठेतरी त्यांनी माझा हात सोडला आणि पाण्यात बोटं बुडवून पाहिली. किल्ल्याच्या पायरीशी होडी वरखाली होत होती. लाटेनं होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही, एवढं एक वाक्य त्यांना सांगितलं. दोघा खलाशांनी उचलल्यासारखंच वर घेतलं.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे पाहण्यासारखं. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. दगडी किल्ला १५६७ ते १५७१ च्या सुमारास सिद्दी बुऱ्हाणखानानं बांधला. शिवाजी महाराजांनी शेजारीच पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात भराव घालायला घेतला, तरी जंजिरा हाती आला नाही. वाटाडे हे सगळं सांगतात, आणि कलालबांगडी तोफेजवळ तर फारच रंगात येतात. फोटोही तिथेच.

सासूबाई मात्र तोफेपाशी थांबल्याच नाहीत. भोवती खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचा भला मोठा तलाव, त्याच्या काठावर बसून त्यांनी विचारलं, "धुणी कुठं धुवायच्या गं इथल्या बाया?" वाटाड्याला काही सांगता येईना. पण खरंच, किल्ल्यात वस्ती होती, घरं होती, काही दशकांपूर्वीपर्यंत कुटुंबं राहत होती. दाणे, सरपण, बाळंतपणं, सारं होडीवर अवलंबून. तोफा किती ते पाटीवर वाचायला मिळतं, हे नाही.

बायकांचा आणखी एक धागा इथे आहे. जंजिरा संस्थानच्या नाझली बेगम १९०८ साली युरोप पाहून आल्या आणि त्या प्रवासाचं पुस्तक त्यांनी उर्दूत लिहिलं. पुढे १९२२ ते १९३३ या काळात, मुलगा लहान म्हणून, कुलसूम बेगम यांनी संस्थानचा कारभार पाहिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. वाटाड्यांकडून ही नावं मी तरी ऐकली नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

किल्ल्यात वेळ मोजकाच देतात, तासाच्या आतलाच. म्हणून आधीच ठरवा काय पाहायचं ते. गुडघे दुखत असतील त्यांनी तलावापर्यंतच जावं, वरचा चढ सोडावा. स्वच्छतागृहाची सोय किल्ल्यात धरून चालू नका. मुरूडलाच उरकून घ्या. आणि त्या भीतीनं पाणी न पिणं हा आपला आवडता मूर्खपणा करू नका. ऊन कडक असतं.

राहता राहिलं सामान. मुळात न्यायचंच कमी. प्रत्येकाची एक खांद्यावरची झोळी, ज्याची त्यानं सांभाळायची. डबे गाडीत किंवा ज्या खानावळीत परत येऊन जेवणार तिथे ठेवायचे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी संध्याकाळपर्यंत टिकतात, दहीभात नको. होडीत रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब जेवूनही नको. मळमळत असेल तर आल्याची वडी तोंडात आणि नजर दूर क्षितिजावर. घरात तान्हं मूल असेल तर दोन तुकड्या करा. पहिल्या तुकडीत तुम्ही जा, बाळाजवळ त्याचे बाबा बसतील. आमच्या बिल्डिंगमधल्या एका जोडप्यानं असंच केलं, बाळ छान झोपलं होतं.

साडीवर खारं पाणी उडतंच. जरीची नेसूच नका, मिठानं जर काळी पडते. सुती साडी त्याच रात्री नुसत्या गोड्या पाण्यातून दोनदा काढा, साबण दुसऱ्या दिवशी.